वंशावळ

पोरीच्या जात पडताळणीच्या अर्जाला वंशावळ जोडावी लागते. शपथपत्रावर. वर पणजा, त्याच्या खाली आजा, त्याच्या खाली बाप, बाजूला चुलते. रेघा ओढायच्या. सगळ्यात खाली पोरीचं नाव. पोरीला नऊ महिने पोटात वागवलं ती मी त्या कागदावर नाही. माझी माय नाही. आणि दहा वर्षं जिनं पोरीची वेणी घातली, तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या, ती माझी जोडीदारीण तर या देशातल्या कुठल्याच कागदावर पोरीची कुणी लागत नाही. २०२४ साली हा अर्ज भरताना आमच्या घरात जे झालं ते लिहायचं आहे. पण आधीचं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

मी बाई आहे आणि माझा जीव बाईवर आहे. पुस्तकात याला समलिंगी म्हणतात. पोरांनो, हा शब्द मी पुस्तकातूनच उचलला. आमच्या बोलीत याला शिवी आहे, शब्द नाही. तुम्हाला याचं नवल वाटू नये. आपल्यालाही कधीकाळी शिव्याच होत्या. नाव आपण मागाहून घेतलं, आणि ते घेतलं म्हणून मार खाल्ला.

माझी माय नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणारी. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि पाठोपाठ मराठवाडा पेटला. टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना मारलं ते आमच्याच जिल्ह्यात. आमच्या वाड्यातली नऊ घरं जाळली. मी तेव्हा मायच्या पोटात. पोट घेऊन माय रात्रभर ज्वारीत लपली. ज्वारी अजून कमरेएवढीच होती, म्हणून आडवं पडावं लागलं. पालथं पडता येईना म्हणून कुशीवर पडली. ही गोष्ट मी तिच्या तोंडून शंभरदा ऐकली आहे आणि दरवेळी ती हे कुशीवर पडायचं सांगते. घर जळाल्याचं एका वाक्यात सांगते.

पुढं सोळा वर्षं ती मोर्च्यांना जात राहिली. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं. पेपरवाले नामविस्तार म्हणतात, माय नामांतरच म्हणते.

असल्या बाईनं तर माझं लगेच समजून घ्यायला पाहिजे होतं, असं आमची कहाणी ठाऊक असलेले शहरातले दोस्त म्हणतात. मला तसं वाटत नाही. एका नावापायी जिनं घर जळताना बघितलं, तिला दुसऱ्या नावाची भीती जास्त वाटणार.

माझं लग्न २००१ साली झालं. विहारात, त्रिसरण-पंचशील म्हणून, हुंडा न देता न घेता. सासर परभणी जिल्ह्यातलं. नवरा जीपवर ड्रायव्हर. माणूस वाईट नव्हता आणि हीच माझी पंचाईत होती. २००६ ला पोरगी झाली. २०१० ला चार वर्षांची पोर कडेवर घेऊन मी मायच्या दारात उभी राहिले तेव्हा मायनं विचारलं,

"मारतो का?"

"नाही."

"पितो का?"

"नाही."

"बाहेरची हाय का कोनी?"

"नाही माय."

"मग?"

त्या 'मग'वर मी गप्प राहिले. माय थोडा वेळ माझ्याकडं बघत बसली, मग पोरीला माझ्या कडेवरून घेतलं आणि म्हणाली, "दोन दिस ऱ्हा." त्या दोन दिवसांचं दीड वर्ष झालं. भावानं कुरकुर केली, भावजय बोलली. ते सगळ्या घरांत होतं, लिहीत नाही. पण माय वाड्यात सगळ्यांना सांगत फिरली की जावाई मारीत होता. त्या माणसानं मला बोटही लावलं नव्हतं. मी मायला म्हटलं, कामून खोटं सांगतेस? तर म्हणाली, "बाईला घरी यायला कारन लागतं. तुह्यापाशी न्हाई, तर म्या दिलं." मायची ही रीत ध्यानात ठेवा. पुढं कामाला येणार आहे.

२०१२ ला परस्पर संमतीनं सोडचिठ्ठी झाली. आपण बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्यावर भाषणं देतो, हिंदू कोड बिल म्हणतो, टाळ्या घेतो. मी त्या बिलाच्या पोटातून निघालेल्या १९५५ च्या कायद्यावर मोकळी झाले. तो आपल्याला, बौद्धांनाही लागू आहे. पण १९५६ चा पालकत्वाचा कायदाही आपल्याला लागू आहे. त्यात लेकराचा नैसर्गिक पालक आधी बाप, 'त्याच्यानंतर' आई. पाच वर्षांखालचं लेकरू सहसा आईकडं राहावं एवढी मेहेरबानी. १९९९ ला सुप्रीम कोर्टानं 'त्याच्यानंतर'चा अर्थ जरा सैल केला एवढंच. माझी पोर तेव्हा सहाची. म्हणून मी कोर्टात पोटगी मागितली नाही, भांडी मागितली नाहीत, आणि माझ्या वकील बाईंनाही खरं कारण सांगितलं नाही. पोरगी माझ्याकडं राहील एवढं कागदावर आलं, सही केली.

त्याच्या आधी, २०११ ला, मी एसटीत कंडक्टर लागले होते. गळ्यात पैशाची बॅग, छातीवर बिल्ला. नांदेडहून सुटणाऱ्या एका फेरीला रोज एक नर्स चढायची, ग्रामीण रुग्णालयात ड्युटी. तिच्याकडं महिन्याचा पास. पासावरचा फोटो आणि चेहरा ताडून बघायचं माझं कामच होतं. मी ते जरा जास्तच मन लावून करू लागले. असो. एवढ्यावर समजून घ्या.

११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं दिल्ली हायकोर्टाचा २००९ चा निकाल फिरवला आणि आमच्यासारख्यांच्या मानेवर ३७७ कलम परत बसलं. नेमक्या त्याच महिन्यात आम्ही दोघी खोली शोधत होतो. दोन बायकांना खोली देताना कुणी हरकत घेत नाही. दोन बायका म्हणजे बहिणी, नाहीतर मैत्रिणी. बायकांमध्ये आणखी काही असू शकतं हे लोकांच्या मनातच येत नाही आणि तेवढं आमच्या पथ्यावर पडलं. खोली तिच्या आडनावावर मिळाली. ती मराठ्याची. तीन महिन्यांनी घरमालकाला माझं आडनाव कळलं आणि नळाचं पाणी बंद झालं. आम्हाला त्या खोलीतून ३७७ नं काढलं नाही, आडनावानं काढलं. मग आपल्याच वस्तीत आलो. तिथं तिला सगळे 'मराठीण' म्हणतात. नळावर तिचा नंबर कुणी मोडत नाही, पण तिच्याशी फार बोलतही नाही. तिच्या माहेरानं तिचं नाव घेणं सोडलं आहे. सासर नव्हतंच. म्हणजे तिला माझ्या वस्तीशिवाय दुसरा गाव नाही.

पोरगी तेव्हा आठची. तिनं तिला 'माऊ' म्हणायला सुरुवात केली. मावशीचं माऊ. माय मरो पण मावशी उरो म्हणतात ना, त्यावरून ती मला चिडवायची की म्हण माझ्या बाजूनं आहे.

पोरीला मी लपवलं नाही. तिच्या वयाला झेपेल तसं सांगत गेले. लहानपणी तिला त्यात विशेष वाटलं नाही. चौदा-पंधराची झाली तेव्हा वाटलं. शाळेतल्या एका पालकसभेच्या आदल्या रात्री ती म्हणाली, माऊनं येऊ नये. का, तर मुली विचारतात. माऊ बरं म्हणाली, पण सकाळी आमच्यासोबत आली आणि फाटकाबाहेर रसवंतीवर दीड तास बसून राहिली. घरी आल्यावर पोरगी मला म्हणाली, "तू माझी आई आहेस का तिची बायको?" मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, "मग मला आई पूर्ण कधी मिळाली?" यावर मला आजही उत्तर देता येत नाही. नवऱ्याशी नांदणाऱ्या बाईला कुठलं लेकरू हे विचारीत नाही, एवढंच मला दिसतं. करोनाच्या साली माऊ कोविड वार्डात होती, दोन-दोन आठवडे घरी येत नव्हती. तेव्हा हीच पोरगी रोज तिचा डबा घेऊन गेटपर्यंत जायची आणि लांबून हात करून यायची. तेव्हाच कधीतरी तिनं नर्स व्हायचं ठरवलं असावं. मला सांगितलं नाही, तिला सांगितलं.

आता मायचं.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीचे संबंध ३७७ मधून बाहेर काढले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर. तो पेपर घेऊन मी गावाला गेले. माय मुगाच्या शेंगा सोलत होती. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं.

"बरं मग?" माय म्हणाली. "तुला काय त्याचं?"

"बाईनं बाईसंगं संसार केला तर गुन्हा नाही असं झालं माय. मी तसाच करते. चार वर्षं झाली."

तिचा हात थांबला नाही. सुपात मूग पडत राहिले. मूठभर शेंगा झाल्यावर तिनं विचारलं, "पोरीला ठाव हाय?"

"हाय."

आणखी मूठभर शेंगा. मग, "कोनाची हाय ती?"

मला आधी वाटलं, बापाचं नाव विचारते. मग कळलं.

"मराठ्याची."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "मागल्या अंगाला जळक्या मेढी अजून हाईत," ती म्हणाली. "जाताना बघून जा."

मी बाईसोबत राहते हे तिनं शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं होतं. सूप खाली ठेवायला लागलं ते जातीपाशी. तिला मी काय सांगणार? माझी जोडीदारीण लातूर जिल्ह्यातली, १९७८ ला जन्मलीही नव्हती, हे खरं. पण जळक्या मेढींना ते कोण सांगणार?

त्यानंतर चार वर्षं माय माझ्याकडं आली नाही आणि मला ये म्हणाली नाही. फोनवर फक्त नातीशी बोलायची. पण दर उन्हाळ्यात गावच्या गाडीच्या कंडक्टरकडं एक पिशवी यायची. कुरड्या, शेवया, पापड, तिखट. "नातीसाठी" असा निरोप. बारकी पोर एकटी किती शेवया खाते? ती पिशवी तिघींना वर्षभर पुरायची. मी त्यावरून काही अर्थ काढत नव्हते. कंडक्टरला पिशवीचं वजन हातातच कळतं, म्हणून सांगितलं.

इथं थोडं थांबून शिबिरातल्या एका तरुण कार्यकर्त्याला उत्तर देते. तो मला म्हणाला होता, "ताई, हे शहरी सवर्णांचं खूळ आहे, आपल्या चळवळीत कशाला?"

त्याचं अर्धं बरोबर आहे. २०१५ च्या मे महिन्यात मुंबईतल्या एका आईनं आपल्या समलिंगी लेकासाठी वर पाहिजे अशी जाहिरात पेपरात दिली. देशभर कौतुक झालं. व्हायलाही पाहिजे, आईनं लेकासाठी एवढं करणं सोपं नाही. पण त्या जाहिरातीत लिहिलं होतं, जातीची अट नाही, मात्र अमुक ब्राह्मण पोटजातीचा असल्यास बरा. ते गमतीनं होतं असं मागाहून सांगितलं गेलं. असेल. पण ही गंमत करायला कोण मोकळं असतं? माझ्या मायनं 'कोनाची हाय ती' विचारलं ते गमतीनं विचारलं नव्हतं. जात दोन्ही आयांच्या मनात आली. एकीच्या मनात ती घरातल्या दागिन्यासारखी आली आणि दुसरीच्या मनात भाजल्याच्या डागासारखी.

आता दुसरं अर्ध, जे त्या पोराला कुणी सांगितलेलं नव्हतं. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी मुंबईत अश्लीलतेचा खटला भरला गेला. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले आणि त्यांनी उत्तरं छापली, हा गुन्हा. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांचं वकीलपत्र घ्यायला कोण उभं राहिलं? बॅरिस्टर आंबेडकर. पुण्या-मुंबईचे सुधारक लांबून बघत होते. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण माणसानं आपल्या शरीराबद्दल विचारावं आणि त्याला शास्त्रानं उत्तर मिळावं, यासाठी बाबासाहेब कोर्टात उभे होते. महाडला जाऊन सात वर्षं झालेली, पुण्याच्या कराराला दोन. त्यांना दुसरी कामं नव्हती का? तेव्हा गड्या, खूळ म्हणायच्या आधी आपल्याच घरातली कपाटं उघडून बघ.

आणि आंतरजातीय विवाहाचं बोलायचं तर बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जात मोडायचा खरा उपाय तोच सांगितला. मराठ्याची आणि बौद्धाची जोडी म्हणून आम्ही त्यात बसतो. सरकारची पन्नास हजारांची योजना मात्र आम्हाला नाही, कारण आमचं लग्नच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायाधीशांनी सांगितलं की आमच्या लग्नाला हक्क म्हणून मान्यता नाही. जोडीनं मूल दत्तक घेण्यावर तीन विरुद्ध दोन, तेही आमच्या विरोधात. त्या दिवशी माऊ नाइट ड्युटीला होती. सकाळी आल्यावर पोरीला म्हणाली, "बघ, मी तुझी अजून कुणीच नाही." पोरगी तेव्हा बारावीला. ती म्हणाली, "माझी वेणी घाल, उशीर होतोय."

२०२४ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारनं जाहीर केलं, की अशा जोडीदारांना रेशन कार्डासाठी एकाच घरातले धरा असं राज्यांना कळवलं आहे. मी पेपरातलं कात्रण घेऊन कचेरीत गेले. बाबूनं ते उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "तुम्ही बहिणी का?" अजून खेपा चालू आहेत.

तर माय. २०२२ च्या ऑगस्टात राज्य सरकारनं पंच्याहत्तरच्या पुढच्या म्हाताऱ्या माणसांना एसटी फुकट केली. माय पंच्याहत्तरची झालेली. आधार कार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट. वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी त्या महिन्यात सगळा जिल्हा बघून घेतला. एक दिवस संध्याकाळी ड्युटीवरून आले तर माय दारात बसलेली. काखेत पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. प्लास्टिकची, गावाहून भरून आणलेली.

"फुकट हाय म्हनून आले," म्हणाली.

माऊनं तांब्या-पेला पुढं केला. मायनं पेला हातात घेतला, खाली ठेवला आणि आपल्या बाटलीतलं पाणी प्यायली. घरात कुणी काही बोललं नाही. मी मायला ओळखते. मराठ्याच्या विहिरीवर लांब उभं राहून, वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं पिण्यात तिचं लहानपण गेलं. आता तिच्यापुढं मराठ्याची बाई पाणी घेऊन उभी होती आणि नको म्हणायची पाळी पहिल्यांदाच मायची होती. ती तिनं सोडली नाही. माऊला वाईट वाटलं. वाटू दे, असं मला एक मिनिट वाटलं. मग मलाही वाईट वाटलं. माय दोन दिवस राहिली, बाटली संपली की नळावर जाऊन स्वतः भरून आणायची. भाकरी स्वतः थापायची, तिघींना वाढायची. माऊनं तिच्या हातची खाल्ली. वस्तीतल्या बायका दारातून डोकावून गेल्या, नामांतरातली माय आली म्हणून.

२०२४ ला पोरीला बी.एससी. नर्सिंगला जायचं होतं. आपल्या जागेवर प्रवेश घ्यायचा तर व्हॅलिडिटी पाहिजे. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा, आणि तो बापाच्या बाजूचा. बापाची टीसी, आजाचा प्रवेश-निर्गम उतारा, चुलत्यांपैकी कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर तिची प्रत. दिराच्या पोराची झालेली होती, म्हणजे सगळे कागद त्या घरात तयार होते. माझे स्वतःचे कागद पेटीभर आहेत. मीही त्याच जातीची, माझा बाप, आजा, सगळे तेच. पण पोरीला माझी जात लागत नाही. आम्हाला जाळताना बापाकडची का आईकडची असं कुणी विचारलं नव्हतं.

नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आहे, दोन पोरं आहेत. फोन केला तर तो म्हणाला, कागद देतो, पण पोरगी त्या घरात राहणार नाही. सुट्ट्या आमच्याकडं, लग्नही आम्ही बघू. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. तो शिवी देत बोलला नाही. बाप म्हणून त्याला खरंच काळजी वाटत असेल, हेही मी धरून चालते. पण प्रवेशाला तीन आठवडे उरलेले.

मी मायला हे सांगितलं नव्हतं. पोरीनं फोनवर सांगितलं. माय कुणाला न सांगता तीन गाड्या बदलून, शून्याच्या तीन तिकिटांवर, परभणी जिल्ह्यात माझ्या जुन्या सासरी गेली आणि अंगणात बसली. जेवायला उठली नाही. रात्री तिथंच ओसरीवर पडली. सत्याहत्तर वर्षांची बाई. दुसऱ्या दिवशी दुपारी इहिणीनं पेटी उघडली.

तिसऱ्या दिवशी माय आमच्या दारात. पातळाच्या पदरात प्लास्टिकची पिशवी बांधलेली. "मोजून घे," म्हणाली. टीसीची झेरॉक्स, व्हॅलिडिटीची झेरॉक्स आणि आजाच्या शाळेचा उतारा. निजामाच्या काळातला, उर्दूत, फसली सन १३५७, सोबत मराठी भाषांतर. जात महार. ज्या शब्दावर आजाला वर्गाबाहेर बसवलं असेल, त्याच शब्दानं नातीला कॉलेजात जायचं होतं.

"काय सांगितलंस माय त्यांना?"

"सांगायचं ते सांगितलं."

रात्री जुन्या नणंदेचा फोन आला, तेव्हा कळलं. माय म्हणाली होती, लोक काहीबाही बोलतात, ती मराठ्याची बाई माझ्या लेकीची भाडेकरू आहे. नर्स आहे, महिन्याला भाडं देते. माझ्या लेकीचं तसलं काही नाही. आणि बाबासाहेबांच्या फोटोकडं हात करून म्हणाली होती, पोरगी शिकली नाही तर त्याला तोंड दाखवायची सोय नाही तुम्हाला.

मी त्या रात्री मायशी बोलले नाही. दहा वर्षं कुणापुढं न बोललेलं मी तिच्यापुढं बोलले होते, आणि तिनं माझ्याच जुन्या सासरच्या अंगणात ते पुसून टाकलं होतं. माऊ मात्र हसली. मला म्हणाली, "मग भाडं कधीपासून घेतेस? थकबाकी किती झाली?" हसताना तिचे डोळे भरले होते, तेही मी बघितलं. सगळ्यात जास्त पोरगी चिडली. जिनं चौदाव्या वर्षी माऊला फाटकाबाहेर ठेवलं होतं तीच म्हणाली, असल्या खोट्यावर आलेले कागद मला नकोत, नाही झाले नर्स तर नाही. पिशवी तिनं मायच्या पुढ्यात ठेवली.

माय तिला म्हणाली, "कागद घे आधी. खरं बोलायला तुह्यापाशी सारा जनम हाय. कागदाला तारीख हाय."

मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्या काय तिथं तुह्या नावाची पाटी लावायला गेल्ते का? कागद आनायला गेल्ते."

मला घरी परत यायला कारण दिलं होतं तसंच. मायनं माझ्यासाठी जेवढं केलं तेवढं खोटं बोलूनच केलं, आणि ते खोटं नसतं तर मी आणि पोरगी आज कुठं असतो हे मला चांगलं माहीत आहे. तरी ते गिळता येत नाही. चळवळीतली तुम्ही पोरं मला विचारता, आईनं तुला स्वीकारलं का? मी काय सांगू? ती माझ्यासाठी दोन दिवस उपाशी बसली, आणि मला नाकारून उठली. सवर्ण मैत्रिणी सांगतात, अशा घराशी संबंध तोड, आपली माणसं आपण निवडावी. २०२५ च्या मे महिन्यात मद्रास हायकोर्टानंही म्हटलं, की लग्नाशिवायही माणसं मिळून कुटुंब होऊ शकतं. ते वाचून आम्ही दोघींनी चहा जास्तीचा केला. पण माय तोडून माझं निवडलेलं कुटुंब होत नाही. बाहेर आडनाव कळल्यावर नळ बंद होतो, तेव्हा जिच्या वस्तीत परत यायचं ती ही माय.

पोरीनं कागद घेतले. व्हॅलिडिटी आली, प्रवेश झाला. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलच्या फॉर्मवर तिनं स्थानिक पालक म्हणून माऊचं नाव टाकलं, नात्याच्या रकान्यात 'मावशी'. मला विचारलं नाही.

२०२५ च्या हिवाळ्यात मायच्या मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं. भावाकडं धूर, चूल, म्हणून आमच्याकडं आणली. दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायचे. मी ड्युटीवर, पोरगी हॉस्टेलवर, तेव्हा थेंब माऊच घालते. माय आधी चेहरा फिरवायची. आता मान मागं टाकून गप पडते. डोळा उघडा धरायला माऊला दोन बोटं लावावी लागतात, ती लावू देते. तिला 'मराठीण' म्हणूनच हाक मारते. "ये मराठीनी, औषधाची येळ झाली न्हाई का?" माऊ ओ देते.

पाण्याची बाटली मात्र उशाशी तीच. ऑपरेशननंतर मायला वाकायची आणि वजन उचलायची मनाई आहे, नळावर जाता येत नाही. बाटली रोज सकाळी भरलेली असते. कोण भरतं ते ती विचारीत नाही.